बायरच्या फॉर्ममध्ये ‘बालहक्क’ नावाचा भाग आलाय. खरं लिहू की मालक म्हणतात ते?

जमाखर्च

नमस्कार. शाळेची दप्तरं शिवणाऱ्या एका कारखान्यात मी हिशेब बघतो. ६५ माणसं, त्यात ४१ बायका. हिशेब आपला नावाला. मस्टर, पगार, डिस्पॅचचे कागद, ऑडिटवाले आले की त्यांच्यामागे फायली घेऊन पळणं, सगळं माझ्याच गळ्यात.

यंदा मोठ्या बायरने, म्हणजे आमची दप्तरं विकत घेणाऱ्या कंपनीने, नवा फॉर्म पाठवलाय, २२ पानांचा. आग, वीज, संडास, किमान वेतन हे दरवर्षीचं आहे, ते भरून झालं. पान १७ वर मात्र ‘बालहक्क’ असा वेगळा भाग निघाला. पहिला प्रश्न, १५ वर्षांखालचं कुणी कामाला आहे का? नाही. वयाचा दाखला बघितल्याशिवाय गेटच्या आत घेत नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. पण त्यापुढे आणखी आठ प्रश्न आहेत. पालक असलेल्या कामगारांसाठी काय सोय आहे? मुलांची काही माहिती गोळा करता का? आणि एक, ‘तुमच्या व्यवसायाचा मुलांवर कोणकोणता परिणाम होतो ते लिहा.’ त्याखाली अर्धं पान कोरं.

मालक म्हणाले, “आपण दरवर्षी शाळेला दोनशे दप्तरं फुकट देतो ना? ते लिही, फोटो चिकटव, विषय संपला.”

चिकटवलेही असते. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. चेनमध्ये रनर (चेन उघडबंद करणारी सरकती कडी) ओवणं आणि धागे कापणं हे काम आम्ही बाहेर देतो, घरोघरी, एका मुकादमामार्फत, पीसवर, म्हणजे नगामागे पैसे. मागच्या महिन्यात लॉट अडकला म्हणून मीच पोती आणायला गेलो. एका घरात बाई धागे कापत बसली होती आणि शेजारी तिची मुलगी रनर ओवत होती. नऊ-दहा वर्षांची असेल. हात इतका बसलेला की नजर हातावर नव्हतीच, दाराकडे होती. मी पीस मोजले, सही घेतली, पोतं उचलून आलो.

आता सांगा, ती मुलगी आमच्या ‘कामाला’ आहे का? मस्टरवर तिची आईसुद्धा नाही. आणि आहे म्हटलं तर बाहेरचं काम बंद करावं का? मालकांच्या कानावर घातलं तर ते उद्याच बंद करतील. ऑर्डर जाईल या धाकाने.

---

रोखठोक

दादा, फॉर्म भरायला आणलाय, पापक्षालनाला नाही. ‘नाही, नाही, लागू नाही’ अशा खुणा करा आणि पाठवून द्या. ती २२ पानं बायरकडे कुणी वाचत नाही. आणि आईला हातभार लावणं म्हणजे बालमजुरी असेल तर आपण सगळेच लहानपणी बालमजूर होतो.

---

सुईदोरा

फॉर्म कुणी वाचत नाही हे बऱ्याच अंशी खरं आहे. मी अकरा वर्षं असेच फॉर्म हातात घेऊन कारखान्यांत ऑडिट करत फिरले, त्यामुळे ते माझ्याकडून ऐकलेलं बरं. आईला हातभार वगैरेवर मात्र बोलते.

जमाखर्च, तुम्ही हिशेबातले आहात म्हणून हिशेबातच विचारते. चेनला रनर ओवायचा तुमचा पीस-दर कसा ठरला? कुणी घड्याळ लावून मोजलं होतं का? एक सरावाची बाई तासाला किती चेन ओवते ते मोजा. त्याला आठने गुणा, मग दराने गुणा. मुकादमाचा वाटा वजा करा. उरलेला आकडा किमान वेतनाला पोचतो का? नसेल पोचत, तर त्या मुलीचे हात तुमच्या दरात आधीच धरलेले आहेत. मस्टरवर नसतील, कॉस्टिंगमध्ये आहेत. ‘हातभार’ आणि ‘मजुरी’ यांतला फरक बघायचा तर तो मला असा दिसतो. भांडी घासणारी मुलगी कुणाच्या कॉस्टिंगमध्ये नसते.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा घरी बसून होणाऱ्या कामाबद्दलचा १९९६ चा करार आहे, क्रमांक १७७. घरी काम करणाऱ्यांना बाकीच्या कामगारांसारखंच वागवावं असं तो म्हणतो आणि त्या यादीत किमान वयही येतं. मोजक्याच देशांनी मान्य केलाय, ते सोडा. पण ‘घरात होतं म्हणून आमचं नाही’ ही पळवाट जुनी आहे आणि ती जुनी असल्याचं सगळ्यांना ठाऊक आहे.

वयाचं थोडक्यात. करार १३८, साल १९७३. साधारण नियम १५ वर्षांचा, काही देशांना सुरुवातीला १४ ची सवलत. हलकं काम, शाळेला धक्का न लावणारं, १३ पासून. धोक्याचं काम १८ च्या आत नाही. नऊ-दहा वर्षं कुठल्याच खान्यात बसत नाहीत.

आता बंद करण्याबद्दल. इथे मी सावध करते, कारण इथे मी स्वतः चुकले आहे.

ऑडिटला लागून दुसरंच वर्ष होतं. छपाई विभागात एक मुलगा सापडला, तेरा वर्षांचा. मी लाल शेरा मारला. तासाभरात पोरगा गेटच्या बाहेर. कारखान्याने ‘तातडीने कारवाई केली’ म्हणून मी अहवालात चांगलं लिहिलं, आणि वरून माझीही पाठ थोपटली गेली. सहा महिन्यांनी फेरतपासणीला गेले तेव्हा एका कामगाराने हळूच सांगितलं, तो आता भंगारातल्या बॅटऱ्या फोडतो. बॅटऱ्या म्हणजे शिसं आणि ॲसिड. लहान शरीर शिसं मोठ्यांपेक्षा चारपाच पट शोषून घेतं. त्याला छपाईच्या शाईतून काढून मी तिथे पाठवलं होतं.

हे माझ्या एकटीचं नाही, मोठ्या प्रमाणावरही घडलंय. १९९३ च्या सुमारास अमेरिकेत एक विधेयक आलं, मुलांच्या हातून बनलेला माल आयात करू नये असं. ते मंजूरही झालं नव्हतं, तरी नुसत्या धास्तीने बांगलादेशातल्या कपड्यांच्या कारखान्यांनी हजारो मुलं काढून टाकली. युनिसेफने नंतर लिहिलं त्याप्रमाणे त्यातली किती तरी जास्त धोक्याच्या कामांत गेली, दगड फोडण्यापासून देहविक्रीपर्यंत. मग १९९५ मध्ये कारखानदारांची संघटना, युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्यात करार झाला. नवीन मुलं घ्यायची नाहीत, जी आहेत त्यांची शाळेत सोय होईपर्यंत त्यांना बाहेर ढकलायचं नाही, शाळेत गेल्यावर घराला थोडा भत्ता, आणि त्याच घरातल्या मोठ्या माणसाला कामावर प्राधान्य. दोन वर्षं उशिरा सुचलेलं शहाणपण, पण क्रम बरोबर होता.

तेव्हा मालकांना सांगाच. फक्त ‘बंद करा’ असं नका सांगू. ‘दर बदला’ असं सांगा. ते जास्त अवघड जाईल.

आणि दोनशे दप्तरांचा फोटो. २०१२ च्या मार्चमध्ये युनिसेफ, सेव्ह द चिल्ड्रन आणि संयुक्त राष्ट्रांचा कंपन्यांसाठीचा उपक्रम ग्लोबल कॉम्पॅक्ट यांनी मिळून व्यवसायांसाठी मुलांच्या हक्कांची दहा तत्त्वं काढली. तुमच्या फॉर्ममधलं पान १७ बहुधा त्यातूनच उतरलंय. त्यात दोन गोष्टी मुद्दाम वेगळ्या ठेवल्यात. इजा न करणं हे बंधन. मदत करणं ही खुशी. त्याआधी २०११ मध्ये जॉन रगी यांनी संयुक्त राष्ट्रांसाठी बांधलेली व्यवसाय आणि मानवी हक्कांवरची मार्गदर्शक तत्त्वं आली, तीही स्पष्ट सांगतात की एकीकडे केलेल्या चांगल्या कामाने दुसरीकडची इजा भरून निघत नाही. तुमच्या भाषेत, ही दोन वेगळी खाती आहेत आणि एकातून दुसऱ्यात वळती करता येत नाही. फोटो लावा, जरूर लावा. दुसऱ्या पानावर लावा.

---

जमाखर्च

ताई, घड्याळाचं डोक्यातच आलं नव्हतं. दर सहा वर्षांपूर्वी मुकादमाने सांगितला, आम्ही थोडा खाली ओढला, झालं. मोजून सांगतो.

बाकी प्रश्नांचं? पालकांची सोय म्हणजे पाळणाघर असेल तर आमच्याकडे नाही. एक खोली आहे, त्यात सध्या पुठ्ठ्याचे खोके आहेत.

---

सुईदोरा

खोके नंतर हलवू. आधी ओव्हरटाइमचं रजिस्टर काढा.

मी कुठल्याही कारखान्यात बायकांना एकटीने भेटायचे तेव्हा ‘छळ होतो का’ वगैरे विचारायचेच नाही. त्यावर घोकलेलं उत्तर येतं. मी विचारायचे, “उद्या सकाळी धाकट्याला ताप आला तर काय कराल?” एकीचं उत्तर अजून लक्षात आहे. “मोठीला शाळेत पाठवणार नाही.” इतक्या सहज म्हणाली. आधल्या दिवशी सांगून सुट्टी घेतली नाही तर त्या कारखान्यात पूर्ण हजेरीचा बोनस जायचा. तापाला आधल्या दिवशी सांगता येत नाही. म्हणजे बोनसचा नियम लिहिला आईसाठी आणि शाळा बुडाली अकरा वर्षांच्या मुलीची. त्या कारखान्यात १८ च्या आतलं एकही माणूस नव्हतं. फॉर्मवर सगळं निर्मळ.

तेव्हा तुम्ही बघा: जादा थांबायचंय हे बायकांना किती वाजता कळतं? पाळी संपायला तासभर असताना सांगत असाल, तर तेवढ्या तासात ४१ घरांत कुणी तरी कुणाला तरी सांभाळायला धावतं, आणि धावणारं बहुतेक वेळा एखादं मोठं पोरच असतं.

आणखी एक. तुमच्याकडे सोळा-सतरा वर्षांचे कुणी आहेत का? ‘१५ च्या खाली नाही’ म्हणून आपण सुटलो असं वाटतं. पण १९८९ च्या बालहक्क करारात बालक म्हणजे १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती. सतराचा मुलगा कामाला असू शकतो, पण चिकटवायच्या सोल्यूशनच्या टेबलावर, कटिंग मशीनवर किंवा रात्री नको. त्याला शिकण्यासाठी वेळ हवा.

---

दुसरी_पाळी

मी कामगार आहे, दुसऱ्या धंद्यात, पॅकिंगला. ताईंनी तापाचं लिहिलं म्हणून लिहितेय.

आमच्याकडे गेटवर मोबाइल जमा करतात. मुलगा शाळेत पडला, हात मोडला. शाळेने दुपारी दीड वाजता फोन केला. मला कळलं सहाला, गेटवर मोबाइल परत घेताना. अकरा मिस्ड कॉल. तोवर शेजारची बाई त्याला घेऊन दवाखान्यात बसली होती, पण सहीला आई लागते म्हणून प्लास्टर थांबवलेलं.

नंतर आम्ही पंधरा जणी मिळून गेलो साहेबांकडे. आता सुपरवायझरच्या टेबलावर एक फोन आहे, त्याचा नंबर सगळ्यांच्या शाळेत दिलाय. त्याला काही खर्च आला नाही. दीड वर्षात चार वेळा वाजला म्हणे.

बस, एवढंच. पाळणाघर जमेल तेव्हा करा, फोन उद्या ठेवा.

---

रोखठोक

बरं, हे पटलं. पण ‘मुलांची माहिती गोळा करता का’ हा प्रश्न दप्तरवाल्यांना कशाला? हे तर कॉपी-पेस्ट दिसतंय.

---

जमाखर्च

मीही हसलो होतो त्यावर. मग तयार माल बघितला. प्रत्येक दप्तराला बायरने दिलेला टॅग लावतो, त्यावर क्यूआर कोड आहे. मोबाइलने उघडला तर ‘जिंका’ म्हणून खेळ येतो आणि खेळण्याआधी मुलाचं नाव, जन्मतारीख, शाळा, इयत्ता. फॉर्म पाठवणारा बायर तोच, टॅग देणाराही तोच!

---

कोरी_पाटी

मी ॲप बनवणाऱ्यांतला. त्या पानाची कल्पना डोळ्यांसमोर आली, कारण असली पानं मीही बनवली आहेत. शाळा आणि इयत्ता खेळाला लागत नाही. ती पुढच्या वर्षी कुठल्या वयाला कुठला माल दाखवायचा यासाठी लागते. जन्मतारखेच्या खाली ‘मी १३ वर्षांचा आहे’ असा चौकोन असेल बघा. तो १३ चा आकडा अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यातून आलाय, त्याखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची परवानगी लागते. युरोपात ही रेघ १६ वर आहे, देशांना ती १३ पर्यंत खाली आणता येते. आणि आठ वर्षांचं पोर त्या चौकोनावर टिचकी मारतं, कारण न मारल्यास खेळ उघडत नाही. आम्ही त्याला खोटं बोलायला शिकवतो आणि वर नियम पाळला म्हणतो.

ब्रिटनमध्ये २०२० पासून मुलांच्या वयाला साजेशी रचना कशी असावी याचा कोड आहे, २०२१ पासून त्याची अंमलबजावणी होते. त्यातली मला आवडलेली गोष्ट साधी आहे, सेटिंग मुळातच खासगी ठेवा, आणि लागते तेवढीच माहिती घ्या. आमच्या इथे एका खेळातून मी शाळेचं नाव काढून टाकलं तेव्हा मार्केटिंगवाले आठवडाभर बोलत नव्हते. खेळणारी मुलं एकानेही कमी झाली नाहीत.

तुम्ही टॅग बदलू शकत नाही. पण त्या रकान्यात ‘आम्ही गोळा करत नाही, तुमच्या टॅगवरून तुम्ही करता’ एवढं एक वाक्य लिहू शकता.

---

सुईदोरा

लिहाच. अकरा वर्षांत मला उलटा प्रश्न विचारणारा पुरवठादार दोनदाच भेटला.

बायरचं आणखी एक बोलून टाकते, कारण सगळं ओझं कारखान्यावर टाकणं मला पटत नाही. लॉट अडकला होता असं तुम्ही लिहिलंय. का अडकला? शाळा उघडायच्या तोंडावर ऑर्डर दुप्पट करून तारीख तीच ठेवली असेल. ते वाढलेलं काम कुठे जातं? आत मशीनं तेवढीच, माणसं तेवढीच. ते पोत्यात भरून घरोघरी जातं. शाळेची दप्तरं वेळेवर पोचावीत म्हणून. यावर आता जास्त बोलत नाही, चीड येते.

जगात किती मुलं कामाला आहेत याचा ताजा अंदाज आहे १३ कोटी ८० लाख, २०२४ सालचा. त्यातली ५ कोटी ४० लाख धोक्याच्या कामांत. २०२० मध्ये एकूण आकडा १६ कोटी होता, म्हणजे उतरलाय. निम्म्याहून जास्त शेतीत आहेत. बंद गेटच्या आड कमी. ऑडिटवाले मात्र गेटच्या आतच फिरतात, मीही तिथेच फिरले.

दप्तराच्या मालाचंही विचारून ठेवा. तळाला पीव्हीसी असेल तर ते मऊ करायला काय वापरलंय, रंगात आणि रनरच्या धातूत शिसं किती. अमेरिकेत मुलांच्या वस्तूंत हात पोचेल त्या भागात दहा लाखांत १०० भागांपेक्षा जास्त शिसं चालत नाही. आणि तुमच्या इथे ते रनर दप्तरात लागण्याआधीच एका मुलीच्या बोटांतून जातात.

---

जमाखर्च

मोजलं. उशीर झाला, माफ करा.

आमच्या आतल्या दोन बायकांना प्रत्येकी तासभर बसवलं. एकीचे २०४ झाले, दुसरीचे २१६. मी मधला आकडा धरला, २१०. दिवसाचे आठ तास धरून दराने गुणलं तर किमान वेतनाच्या निम्म्याच्या जरा वर येतं, तेही मुकादमाचा वाटा न काढता.

पण खरी गंमत पुढे आहे. गंमत म्हणवत नाही. मुकादमाची वही माझ्याकडेच असते, दर आठवड्याला मीच त्यावर सही करतो. त्या घराच्या नावापुढे रोजचे ३,४०० पीस आहेत. २१० ने भागलं तर सोळा तास येतात, आणि धागे कापणं त्यात धरलेलंच नाही. रोजचे सोळा तास, एका बाईच्या नावावर, दोन वर्षं. आकडा माझ्या सहीच्या वर होता. त्या घरी मी गेलो नसतो तरी मला दिसायला हवं होतं.

तोच कागद मालकांपुढे ठेवला. आधी म्हणाले काम बंद कर. मी बांगलादेशचं सांगितलं, फारसं ऐकलं नाही. मग म्हटलं, बंद केलं तर रोजचे एवढे रनर आत ओवायला किती हेल्पर लागतील तेही काढलंय. तो आकडा बघून गप्प झाले. आता असं ठरतंय, ठरलंय म्हणत नाही, की दर वाढवायचा, एका माणसाच्या नावावर दिवसाला १,६०० च्या वर पीस द्यायचे नाहीत, आणि त्या बाईला आत यायचं असेल तर ट्रिमिंगला जागा आहे. मुकादम तोंड फिरवून बसलाय. सतराचे दोन हेल्पर आहेत आमच्याकडे, त्यातला एक सोल्यूशनच्या टेबलावर होता, त्याला सोमवारपासून फोल्डिंगला घेतला. फोन ठेवला. खोके अजून तिथेच आहेत.

फॉर्ममध्ये सोळा तासांचं लिहिलं, काय करतोय तेही लिहिलं. टॅगचं वाक्य मालकांनी खोडलं. मी परत पेन्सिलने लिहून ठेवलंय, बघू.

एक विचारायचं होतं ताई. गुरुवारी त्या घरी जातोय, दराचं आणि आत येण्याचं बोलायला. बोलताना मुलगी समोर असावी का नसावी?

---

सुईदोरा

असावी. तिच्याबद्दलच बोलणार आहात ना. आपल्याबद्दलच्या गोष्टीत आपलं ऐकलं जावं हाही त्या बालहक्क करारातला हक्क आहे, कलम १२, आणि फॉर्ममध्ये त्याला रकाना नसतो.

कितवीत आहे ते आधी विचारा, रनरचं नंतर. शाळेत नाव आहे पण जात नाही, असं बऱ्याचदा निघतं. आईला वाटेल तुम्ही काम काढून घ्यायला आलात, म्हणून नवा दर बसल्या बसल्या पहिल्या वाक्यात सांगा.

आणि पोती नेऊ नका त्या दिवशी. हातात पोतं दिसलं की ती मुलगी कामाला लागेल.